हैदराबादी अदब आणि मराठी पाहुणा

मराठी मुलखातून हैदराबादेस येणारा पाहुणा पुष्कळदा चारमिनारच्या आधी बेगम बाजार पाहतो. लग्नाची भांडी, मसाल्याचे जिन्नस आणि सुकामेवा यांची घाऊक पेठ म्हणून मराठवाड्यात तिचा लौकिक मोठा आहे. आमची शाळा या पेठेच्या जवळपास असल्यामुळे सुटीच्या दिवसांत अशा पाहुण्यांची ये-जा आमच्याकडे नेहमीचीच. खरेदी आटोपली, चहा झाला, की त्यांपैकी कोणी तरी आवाज किंचित उतरवून एक प्रश्न विचारतो. कोणास जुन्या शहरातील मुसलमान स्नेह्याच्या घरी लग्नास जावयाचे असते, कोणास मुलाच्या सहकाऱ्याकडे इफ्तारीचे आमंत्रण असते, कोणाची लेक-जावई मस्कत-दुबईस राहावयास गेलेली असतात. प्रश्न एवढाच की, तेथे वागावे कसे? विचारणाराच्या मनात जिज्ञासा असते तशीच धास्तीही असते. काही निषिद्ध गोष्टींची यादी आहे आणि ती पाठ केली म्हणजे संकट टळले, अशी त्याची समजूत दिसते. यादी देता येणार नाही असे नाही. परंतु यादीने काम भागत नाही, हे आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगू इच्छितो.

प्रथम या पेठेविषयीच दोन शब्द. निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३) याच्या हमदा बेगम नावाच्या पत्नीने ही जागा व्यापाऱ्यांस दिली व तिच्यावरून पेठेस नाव पडले, अशी येथील परंपरा आहे. आज दुकानांवरील पाट्या वाचीत गेले तर मारवाडी, अगरवाल, गुजराती आणि तेलुगू नावेच अधिक आढळतात. गिऱ्हाईक मात्र मुसी नदीच्या दोन्ही तीरांवरचे. मुस्लिमजंग पूल ओलांडला की जुने शहर लागते, आणि तेथील गृहिणी रमजानच्या आधी येथेच खजूर, शेवया आणि चारोळी घेण्यास येतात. कपाळी गंध लावलेला दुकानदार बुरख्यातील वृद्धेस 'आपा' म्हणून बसावयास सांगतो, तिचा आदाब अदबीने घेतो, आणि भावाची घासाघीसही त्याच मृदू भाषेत होते. ज्यास आपण मुसलमानी रीत म्हणतो तिचा बराच भाग असा शहराचा आहे, धर्माचा नव्हे. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याची निम्मी धास्ती गेली.

उरलेली निम्मी आपल्या भाषेकडे पाहिले असता जावी. अदब, मेहेरबानी, खुशाली, तसदी, मुजरा, रजा, निदान हे शब्द तरी मराठी माणसास कोशात शोधावे लागत नाहीत. पेशव्यांचे वकील गोविंदराव कृष्ण काळे निजामाच्या दरबारी वावरत होते, तेव्हा कोणापुढे किती लवावे, विडा कसा घ्यावा, पोशाख मिळाल्यावर काय बोलावे, हा त्यांच्या राजकारणाचाच भाग होता. पुढे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तेथील कित्येक मराठी कुटुंबांतील आजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. सेतुमाधवराव पगडींसारखा मराठी लेखक फारसी-उर्दू साहित्यात घरच्यासारखा वावरू शकला तो या भूमीतला म्हणूनच. तेव्हा ज्या रीतीस आजचा पाहुणा बिचकतो ती त्याच्या आजोबांस बहुधा येत होती.

या रीतीचे व्याकरण सोपे आहे: समोरच्यास उचलावयाचे आणि स्वतःस उतरवावयाचे. समोरच्याचे घर 'दौलतखाना', आपले 'गरीबखाना'. मराठीतही आपण दुसऱ्यास पायधूळ झाडण्याची विनंती करतो, आणि पंचपक्वान्नांच्या पंगतीस मीठभाकर म्हणतो. अर्थात आज असे जडजवाहिरी उर्दू जुन्या शहरातही क्वचित ऐकू येते, आणि परक्याने ते बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. अपेक्षा नसताना ते बोलावयास गेले की गंमत होते. चित्रपट पाहून उर्दू शिकलेले आपले काही बांधव मोठ्या नम्रतेने सांगतात, "मैं कल आपके यहाँ तशरीफ लाऊँगा." तशरीफ आणावयाची ती दुसऱ्याने, आपण फक्त 'हाजिर' व्हावयाचे. दुसरा 'फरमावतो', आपण 'अर्ज' करतो. यजमान हसत नाही, कारण हसणे अदबीस धरून नाही. पण घरातील मुले आत जाऊन हसतात. त्यापेक्षा साधे हिंदी, 'आप' आणि 'जी' एवढ्यावर भागवावे. 'आप' मात्र लहान मुलासही लावावे. आमच्या शाळेत जुन्या शहरातून येणारी मुले धाकट्या भावंडांशीही 'आप'ने बोलतात, तेव्हा आमच्या मराठी विद्यार्थ्यांस आरंभी ते नाटकी वाटते व पुढे तेच त्यांच्या तोंडी बसते.

संबोधनांविषयी एक सूचना करावीशी वाटते. दाढी पाहिली की 'चाचा' आणि टोपी पाहिली की 'मियाँ' असे म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. 'मियाँ' हा मूळचा आदराचा शब्द. पण परक्या तोंडी तो चेष्टेचा होऊन बसला आहे आणि ऐकणारास हे ठाऊक असते. 'साहब' हा शब्द निर्धोक आहे. अभिवादनास 'आदाब' पुरे: उजव्या हाताचा तळवा स्वतःकडे वळवून, बोटे किंचित वाकवून हात कपाळाजवळ न्यावा व मस्तक थोडे लववावे. धाकट्याने आधी करावयाचा, वडीलधाऱ्याने 'जीते रहो' म्हणावयाचे. तरुण पिढीत आता 'सलाम'च अधिक रूढ आहे. आपण मनापासून नमस्कार केला तरी त्याचा अव्हेर कोणी करीत नाही. स्त्रियांपुढे पुरुषाने हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये; त्यांनी केला तर घ्यावा.

जुन्या वळणाच्या घरात गोषा असतो. दार उघडण्याची वाट पाहताना पुरुषाने दारासमोर न उभे राहता बाजूस उभे राहावे, म्हणजे दार उघडताच दृष्टी थेट आत जात नाही. पत्नीची चौकशी नावाने करू नये, "घर में सब खैरियत?" एवढे पुरते. याचे आपणांस नवल वाटू नये. उर्दूत 'हमारे घर में' म्हणजे पत्नी, आणि मराठीतही 'आमच्या घरातून' किंवा 'आमची मंडळी' म्हणणारे गृहस्थ दोन पिढ्यांपूर्वी घरोघर होते. आपल्या स्त्रियांस तेथे आत नेतात, आणि खरा पाहुणचार बहुधा तेथेच होतो. 'कुंकू पुसून जावे काय?' असा प्रश्न आम्हांस एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला आहे. मुळीच पुसू नये. आपण आहोत तसे जावे, एवढाच मान यजमानास हवा असतो. मशिदीत व दर्ग्यात पादत्राणे बाहेर ठेवणे, अंग झाकेल असा वेश करणे, दर्ग्यात डोकीस रुमाल बांधणे, नमाज पढणाऱ्याच्या समोरून न जाणे, या गोष्टी तेथील लोकच सांगतात. नामपल्लीच्या यूसुफैन दर्ग्यात तर सर्व धर्मांचे लोक इतके जातात की शेजारच्याचे पाहून केले तरी चुकत नाही.

खरी अडचण येते ती अन्नपाण्यापाशी, आणि तेथे थोडे थांबले पाहिजे.

दक्खनी बोलीत नकारार्थी शब्द 'नक्को' हा आहे. तो आपलाच 'नको' होय. होकारासाठी असलेला 'हौ'देखील आपल्या 'हो'च्या जवळचा. परंतु शब्द एक असला तरी त्याचे वजन एक नाही. मराठी पंगतीत वाढप्यास 'नको, नको' म्हणणे हा शिष्टाचारच आहे. आग्रह आणि नकार हा दोघांनी मिळून खेळावयाचा खेळ, आणि त्यात पान झाकून आडवा हात धरण्यापर्यंत मजल जाते. येथे मित्रामित्रांत, बाजारात, घरच्या माणसांत 'नक्को' चालतो. पण यजमानाने स्वहस्ते पुढे केलेल्या वस्तूस पाहुण्याने पहिल्याच शब्दात 'नक्को' म्हटले की ते त्या हातास म्हटल्यासारखे होते. आमच्या मते या साऱ्या रीतीचा गाभा हाच आहे: नकार प्रमाणास द्यावा, हातास देऊ नये. पाणी आले की घोटभर प्यावे. विडा खात नसाल तरी उजव्या हाताने घ्यावा, आदाब करावा आणि जवळ ठेवावा. आपल्याकडील पानसुपारीतही आपण नेमके हेच करतो. मिठाईचा कण तोंडात टाकून मग "बस, शुक्रिया" म्हटले तर आग्रह आपोआप मंदावतो.

मांसाहार न करणाऱ्याने काय करावे? आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. दस्तरखानावर बसल्यानंतर सांगणे हा यजमानाच्या तयारीचा अपमान आणि त्याच्या पत्नीस ऐनवेळी दिलेली शिक्षा. यासाठी उर्दूत एक फार सुंदर शब्द आहे: परहेज. वैद्याने सांगितलेले पथ्यही परहेज आणि धर्माने सांगितलेला संयमही परहेज. संयमी माणसास 'परहेजगार' म्हणतात. "गोश्त से मेरा परहेज है," असे म्हटले की त्यात तिरस्काराचा लेशही उरत नाही, कारण परहेज म्हणजे काय हे रोजे धरणाऱ्यास कोणी शिकवावयास नको. उलट "आम्ही असले काही खात नाही" या वाक्यातील 'असले' हा शब्द भाषांतरातही बोचतो. एकदा सांगितले की घरात बघारे बैंगन शिजतात, मिर्चीचे सालन होते, बगारा भात होतो, खट्टी दाळ होते, शेवटी खुबानीचा मीठा येतो. बघाऱ्या बैंगनात शेंगदाणे, तीळ आणि खोबरे असते. आपल्या भरल्या वांग्याची ती सख्खी बहीण. दोन पदार्थांविषयी मात्र सावध असावे: दालचा नावावरून डाळीचा वाटतो, पण त्यात बहुधा मटण असते, आणि टमाट्याच्या कुटात उकडलेली अंडी सोडण्याची रीत आहे.

दस्तरखान म्हणजे अन्नाखाली पसरलेले वस्त्र. ते जमिनीवर असो वा हैदराबादी चालीप्रमाणे बुटक्या चौकीवर, त्यास ओलांडू नये. आपण वाढलेले पान ओलांडीत नाही तसेच. पूर्वी हात धुण्यास तस्त आणि झारी बसल्या जागी येई, आता बहुतेक घरांत नळापाशी नेतात. 'बिस्मिल्लाह कीजिए' म्हणजे आरंभ करण्याची विनंती. वडीलधारे आरंभ करीपर्यंत थांबावे. ज्याला जेवणापूर्वी मनात आपले स्मरण करावयाचे असेल त्याने ते अवश्य करावे, त्याची तेथे कदरच होते.

आता एक कटू गोष्ट. पाहुणा म्हणून कसे वागावे हे विचारणारे पुष्कळ भेटतात. यजमान म्हणून कसे वागावे हे विचारणारा क्वचितच. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे मिळत असे. स्थानकांवरील ती प्रथा गेली, परंतु मराठवाड्यातील कित्येक घरांत मुसलमान पाहुण्याची कपबशी कोनाड्यात वेगळी असे आणि ती त्याने स्वतः विसळून ठेवावयाची असे, हे पाहिलेले लोक अजून हयात आहेत. त्या पाहुण्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. तेही अदबीतच बसत असावे. आज असे वेगळे भांडे कोणी काढीत नसेल, पण पाहुण्याने घर सोडल्यावर कप दोनदा घासला जातो तो मुलांच्या नजरेतून सुटत नाही. शिक्षक म्हणून आम्ही सांगू शकतो की पाठ्यपुस्तकातील बंधुभावाचा धडा त्या एका घासण्याने पुसला जातो. मुसलमान पाहुणा घरी जेवावयास येणार असेल तर शुद्ध शाकाहारी बेत करावा, म्हणजे हलालचा प्रश्नच उद्भवत नाही. तिळगूळ द्यावा. पूजेचा प्रसाद द्यावयाचा झाल्यास हा प्रसाद आहे असे सांगून द्यावा; घेतला तर आनंद, न घेतला तर तो त्याचा परहेज. आपल्या परहेजास त्याने मान द्यावा अशी इच्छा धरणाऱ्यास त्याच्या परहेजाचा राग येण्याचे कारण नाही.

सणांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. रमजान प्रतिवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो याचे पुष्कळांस कोडे पडते. आपले महिनेही चंद्राचेच. पण सुमारे तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून आपण वर्ष ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी गणनेत अधिक मास नाही, वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. मे महिन्यातील रोजा हैदराबादेत किती कठीण, हे बेगम बाजारातील हमालांकडे पाहून कळते: घशाला कोरड पडलेली असताना पाठीवर पोते. अशा वेळी त्यांच्यादेखत उसाचा रस न पिणे यास कोणत्याही धर्माची आज्ञा लागू नये. इफ्तारीचे आमंत्रण असेल तर सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटे पोचावे; ही एक वेळ हैदराबादी लोक घड्याळाप्रमाणे पाळतात. विवाहभोजनाचे तसे नाही. पत्रिकेत 'बाद नमाजे इशा' असे असते, इशाची नमाज रात्री आठच्या सुमारास होते, आणि ताटे दहा-अकराच्या पुढे येतात. गोरज मुहूर्तावर अक्षता टाकून साडेसातला जेवणाऱ्या मराठी माणसाने घरून चार घास खाऊन निघावे हे उत्तम.

दुसरी गोष्ट मोहरमची. दिनदर्शिकेत सुटी दिसते म्हणून पुष्कळ मराठी मंडळी मुसलमान स्नेह्यांस 'मोहरमच्या शुभेच्छा' पाठवितात. मोहरमची दहावी तारीख ही इ. स. ६८० मधील करबलाच्या हत्याकांडाचा स्मरणदिन आहे. त्या दिवशी दबीरपुऱ्याहून बीबीचा अलम हत्तीवरून निघून चादरघाटाकडे जातो, आणि मागून छाती पिटीत काळ्या वस्त्रांतील माणसे चालतात. आपल्या खेड्यांतून ताबूत-पंजांपुढे वाद्ये वाजतात, नवस फेडले जातात, हिंदू घरांतूनही पंजे बसतात. त्यामुळे तो सण वाटणे स्वाभाविक आहे. तरी शुभेच्छा देऊ नये. काही न बोलणे हीच तेथे रीत.

आखातात जाणाऱ्यांस एक इशारा दिला पाहिजे. हैदराबादेत शिकलेले सगळेच तेथे चालत नाही, कारण आदाब आणि विडा हे दक्खनचे, अरबस्तानचे नव्हे. याची चुणूक पाहावयाची तर दूर जावयास नको. शहराच्या दक्षिणेस बरकस नावाची वस्ती आहे. 'बराक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचे वंशज तेथे राहतात. तेथे मंडी नावाचा भात एका मोठ्या परातीत येतो आणि चार-पाच जण आपापल्या समोरच्या भागातून जेवतात. उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेत वाढलेल्या मराठी माणसास हा परहेजापेक्षाही मोठा अडसर वाटतो. त्याने वेगळी थाळी आधीच मागावी, कोणी वाईट मानीत नाही. आखातातील अरबांकडे कहवा लहान पेल्यात देतात, आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झाले हे तोंडाने सांगावयाचे नसते. पेला परत देताना उजव्या हाताने किंचित हलवावयाचा. 'नको' म्हणण्याची ही तिसरी तऱ्हा. कुवेतसारख्या देशात रमजानात दिवसा उघड्यावर खाणेपिणे हा कायद्याचाही विषय आहे, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

निघण्याची रीत राहिली. मराठीत आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. येथे निघणारा परवानगी मागतो: "इजाजत दीजिए." आपली 'रजा'देखील मूळ अरबीत संमतीच होय, ती आपण कचेरीपुरती ठेवली. इजाजत पहिल्या मागणीस मिळत नाही. यजमान म्हणतो, अजून बसलात कोठे? मग थोडे बसावे, पुन्हा मागावी. दुसऱ्या वेळी अत्तर येते, विडा येतो. तिसरे बोलणे दाराशी उभ्याने होते, आणि यजमान रस्त्यापर्यंत आल्यावर चौथे. मनमाडकडे जाणारी गाडी पकडावयाची असेल त्याने पहिली इजाजत तासभर आधी मागावी.